हरितगृहातील टोमॅटोची हिरवी झाडे अचानक माना का टाकतात?
रत्नागिरीजवळच्या आपल्या हरितगृहात पाने पिवळी न पडता हिरवीगार झाडे दुपारी माना टाकतात आणि काही दिवसांतच मरतात, हे वर्णन जिवाणूजन्य मर रोगाशी जुळते. बुरशीजन्य मर रोगात सहसा खालची पाने आधी पिवळी होतात. खात्रीसाठी बुंध्याजवळील खोडाचा ताजा तुकडा कापून ग्लासातील स्वच्छ पाण्यात स्थिर धरावा. काही मिनिटांत कापातून दुधट धागे खाली उतरू लागले, तर निदान जवळजवळ पक्के समजावे.

हा रोग घडवणारा राल्स्टोनिया सोलानासिएरम हा जिवाणू आम्लधर्मी, ओलसर मातीत आणि ३० ते ३५ अंश तापमानात फोफावतो, म्हणजे कोकणातील जांभी जमीन त्याला मानवतेच. मुळांच्या जखमांतून शिरून तो पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या तुंबवतो; त्यामुळे पाणी वाढवून झाड सावरत नाही, उलट त्याच पाण्याबरोबर रोग शेजारच्या झाडाकडे जातो. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही (ताम्रयुक्त फवारणी पानांवरील जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी ठीक, येथे ती वाया जाते). अशी झाडे मुळांसकट उपटून नष्ट करावीत. त्या वाफ्यात वांगी, मिरचीही घेऊ नये. पुढील हंगामासाठी रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपे मला सर्वांत भरवशाची वाटतात.