रसवंती उघडायच्या आधीच मधमाश्या कशा काय हजर असतात?
गोडाची ओढ जन्मजात. पण ते कुठं, किती वाजता मिळतं हे माशी अनुभवानं शिकते. आमच्या यवतमाळकडं फाट्यावरच्या रसवंतीत घाणा फिरायच्या आधीच चार-दोन माश्या कालच्या चिपाडांवर घिरट्या घालत असतात. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास निळ्या कागदावर साखरपाणी ठेवून माश्यांना सवय लावली. मग रिकाम्या निळ्या कागदावरही त्या उतरू लागल्या. वासाचं तर आणखी गमतीचं. वास देऊन लगेच मिशांना साखरपाणी लावलं, की दोन-तीन खेपांत नुसत्या वासानंच सोंड बाहेर येते! तुरीच्या बहरात एकच माशी तुरीलाच चिकटून राहते, त्यातही शिकण्याचा वाटा आहे. फूल दाबून रस काढायची युक्ती एकदा जमल्यावर ती धुऱ्यावरच्या झेंडूकडं कशाला जाईल?