सेन्सेई म्हणजे गुरुजी नव्हेत

प्रिय मुली,

तुझा आराखडा दोनदा वाचला. शीर्षक काय, तर ‘कोकोरो’तली गुरुशिष्य परंपरा! तीस पानं लिहून झाल्यावर विचारतेस, दुसऱ्या अनुवादात तेच वाक्य वेगळं लागतंय, तर खरं कुठलं धरू. अडलीस ते बरं झालं. मी अडले नव्हते.

‘कोकोरो’ ही जपानी लेखक सोसेकीची कादंबरी १९१४ची. निवेदक पोरगा ज्या वडीलधाऱ्या माणसाला ‘सेन्सेई’ या आदराच्या शब्दाने हाक मारतो, त्याला भेटतो कुठे, तर कामाकुराच्या समुद्रकिनाऱ्यावर, पोहायला गेलेला असताना. ना वर्ग, ना दीक्षा. पुढे सेन्सेईच त्याला बजावतात की आज गुडघे टेकल्याची आठवण उद्या त्याच माणसाच्या डोक्यावर पाय ठेवायला लावते. आता सांग, यात गुरुपौर्णिमा कुठे बसवतेस? इंग्रजी अनुवाद करताना मॅक्लेलनने १९५७ साली आणि मॅकिनीने २०१० साली ‘सेन्सेई’ हा शब्द तसाच ठेवला. ‘गुरुजी’ तू केलंस, आणि त्या शब्दाचं बोट धरून अख्खी परंपरा आत आली. आधी वाक्य बघ. मूल्य मागून.

माझंही सांगते. ‘गिरी’ या जपानी शब्दावर मी चाळीस पानं लिहिली होती. चिकामात्सू या जुन्या जपानी नाटककाराच्या नाटकांत जिथे तिथे त्याचा अर्थ ‘कर्तव्य’ लावला, कारण हाताशी एकच इंग्रजी अनुवाद होता. एका जपानी बाईंनी चहा पिताना सहज विचारलं, शेजारणीकडून आलेली वाटी तुम्ही रिकामी परत पाठवता का? छे, म्हटलं. मग तीही गिरीच, म्हणाल्या. व्हॅलेंटाइनला ऑफिसातल्या पुरुषांना रीत म्हणून वाटायच्या चॉकलेटला जपानमध्ये ‘गिरी-चोको’ म्हणतात. लाव तिथे कर्तव्य!

ती पानं मी फाडली नाहीत, सादर केली. नोकरी होती, मुदत होती, मूळ वाचण्याइतकी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, येत नव्हती. आणि खरं सांगू? त्यातले दोन परिच्छेद मला अजून आवडतात. पण आधी वाक्य बघायला हवं होतं.

तुला ती सबब नाही. जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा झाली आहेस, सोसेकी ‘आओझोरा बुन्को’ या ऑनलाइन ग्रंथालयावर फुकट आहे. अख्खं मूळ वाच असं मी म्हणत नाहीये. दहा वाक्यं काढ. मूळ, त्याखाली दोन्ही अनुवाद, त्याखाली तुझं मराठी. मराठी मुळावरून कर हं, इंग्रजीवरून नाही. कावाबाताच्या ‘युकिगुनी’ (हिमप्रदेश) या कादंबरीचं पहिलं वाक्य घे. सरहद्दीवरचा लांब बोगदा ओलांडला, की हिमप्रदेश. कोणी ओलांडला, ते मुळात नाहीच. इंग्रजीला कर्ता लागतो म्हणून अनुवादक साइडनस्टिकरने १९५६ साली तिथे आगगाडी आणली. मराठीचं गाडीवाचून काही अडत नाही. पण इंग्रजीवरून करशील तर ती गाडी तुझ्या वहीत शिरेल, आणि मग तू तिच्यावर ‘जपानी मन आणि यंत्रयुग’ असा परिच्छेद लिहिशील. लिहिशीलच, मी ओळखते तुला.

रागावले असेन तर त्यातलं अर्धं माझ्या चाळीस पानांवर आहे असं समज. रविवारी घरी ये, दहा वाक्यं घेऊन. अकरावं नको. आणि ते शीर्षक आजच खोड.

तुझी,
बाई