वाचकांचे प्रश्न : भेकराच्या नाकाला चुकवायचं कसं?

जंगलात हरणांजवळ बसताना माणसाच्या वासाचं काय करायचं, याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ही विद्या मुळात शिकाऱ्यांची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली, पण दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन बसणाऱ्यालाही त्याच नाकाशी गाठ पडते. शिवाय वास लागून उधळलेलं जनावर पाणी न पिताच परत जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हाळ आटले की हे त्याला महागात पडतं, त्यामुळे विषय फक्त चांगल्या फोटोपुरता नाही.

प्रश्न : खोतीगाव अभयारण्यात पाणवठ्याजवळच्या मचाणावर सकाळी साडेसातपासून बसलो होतो. साबण न लावता अंघोळ केली होती, अत्तर नाही, विडी-सिगारेट नाही. दहाच्या सुमारास भेकर आलं, पाण्यापर्यंत पोचलं, एकदम थबकलं आणि भुंकत पळालं. मी हललोसुद्धा नव्हतो. चुकलं कुठे? – वाचक, साखळी

अंघोळ वाया गेली नाही. बहुधा वारा फिरला.

हिवाळा-उन्हाळ्यात गोव्यातल्या डोंगराळ भागात हवेचा दिवस दोन भागांत असतो. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा थंड आणि जड होऊन उतारावरून खाली सरकते. ती पाण्यासारखी वाहते. व्हाळाच्या पात्रात उतरते आणि तिथूनच खाली जाते. जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या रात्रीच्या वाऱ्याची तिला साथ असते. म्हणजे पहाटे आणि सकाळी हवा साधारणपणे घाटाकडून पश्चिमेला, वरून खाली येते. ऊन चढलं की उलटं होतं. तापलेली हवा उतारावरून वर चढू लागते आणि दुपारकडे समुद्रावरचा खारा वारा तिला आत ढकलतो. हा पालट सकाळी साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान होतो. उघड्या सड्यावर लवकर, दाट झाडीत उशिरा. पालटाच्या अर्ध्या-पाऊण तासात हवेला दिशाच नसते. ती घुटमळते, मागे येते, एका जागी साचते. तुमचं भेकर नेमकं त्या वेळी आलं. साडेसातला तुमचा वास खाली व्हाळात जात होता. दहाला तोच पाणवठ्यावर पसरला असणार.

उंचावर बसल्याने वास डोक्यावरून निघून जातो, हे अर्धंच खरं. हवा चढती असेल तर मचाणाचा फायदा मिळतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हवा खाली बसायला लागली की तुमचा वास मचाणाच्या पायथ्याशीच ओतला जातो. ‘संध्याकाळी सगळं छान चाललं होतं आणि शेवटच्या वीस मिनिटांत बिघडलं’ अशी तक्रार येते, तिच्यामागे हेच कारण असतं.

आता उपाय. गालावर वारा लागतो का, ओलं बोट गार पडतं का, यावर विसंबू नका. त्याने तुमच्यापाशी काय चाललंय ते कळतं, वीस पावलांवरचं कळत नाही. वारा पाहायला टाल्कम पावडर उडवावी तर तिला स्वतःचाच वास, शिवाय तिचा ढग दोन हातांवर विरून जातो. मार्च-एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटतात, तो कापूस डबीत भरून ठेवा. रुईच्या बोंडातलाही चालतो. चिमटीत तांदळाच्या दाण्याएवढा पुंजका घ्या, दोन बोटांनी विस्कटून पिंजा आणि छातीच्या उंचीवरून सोडा. नजर त्याच्यावरच ठेवा. सकाळच्या तिरप्या उन्हात तो पंधरा-वीस पावलांपर्यंत दिसतो. आधी सरळ जातो, मग एखाद्या दगडामागे गिरकी घेतो, कधी चक्क मागे वळून तुमच्याच गुडघ्याशी येतो. तुमचा वास त्याच वाटेने जातोय. बसल्यावर दर दहा मिनिटांनी, पालटाच्या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी एक पुंजका सोडा. कापूस पिशवीत दमट झाला तर उडत नाही, खाली पडतो. डबी घट्ट झाकणाची हवी.

जागा निवडताना जनावर कुठून येईल याच्याइतकाच, आपला वास कुठे पडेल याचा विचार करा. वारा थेट तोंडावर घेऊन बसायचं हा नियम सगळे सांगतात. पण हरणं पाण्यावर येताना पुष्कळदा वळसा घालून, वारा हुंगत येतात, म्हणजे तुमच्या पाठीमागून. त्यापेक्षा वारा आडवा घ्या आणि आपला वास अशा बाजूला पडू द्या जिथून जनावर सहसा येणार नाही: सरळ कडा, उघडा कातळ, गाडीरस्ता, रुंद पाणी. मोठा दगड किंवा वारूळ पाठीशी घ्याल तर त्याच्या आडोशाला हवा गोल फिरते हे लक्षात असू द्या. आणि वारा पूर्ण पडलेला असेल तर खूश होऊ नका. तुमच्याभोवती वासाचं तळं साचत असतं आणि पहिल्या झुळकीबरोबर ते एकदम सरकतं.

खोतीगाव असो, नेत्रावळी असो की मोले, सकाळची बैठक साडेआठला संपवून शांतपणे निघून जाणं हा आमचा सल्ला. थांबायचंच असेल तर पालटाआधी अशी जागा घ्या जिथून चढती हवा पाणवठ्याच्या विरुद्ध दिशेला जाईल. ठरवून दिलेल्या मचाणावर ते जमत नाही, तेव्हा वेळच बदलायची. अभयारण्यात वाट सोडून जागा शोधायला जाऊ नका. वनखात्याची परवानगी ज्या वाटेची, तीच धरा.

प्रश्न : कॅनडातला माझा मामेभाऊ परवाना काढून हरणांची शिकार करतो. त्याने मला कोळशाचं अस्तर असलेलं जाकीट, वास मारणारा फवारा आणि हरणाच्या मुताची बाटली दिली. मोल्याला फोटोग्राफीसाठी वापरू का? – वाचक, फोंडा

बाटली अजिबात नको. दोन कारणं आहेत. कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य प्राण्याला आमिष दाखवणंही येतं. वास टाकून हरणाला कॅमेऱ्यासमोर बोलावणं त्यात बसू शकतं. मिठाची ढेप ठेवणंही तसंच. दुसरं कारण जास्त गंभीर. उत्तर अमेरिकेत हरणांमध्ये एक प्राणघातक, झिजवत नेणारा मेंदूचा आजार पसरला आहे. तो प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनाने होतो, ते मुतातूनही बाहेर पडतं आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतं. उकळून नष्ट होत नाही. याच भीतीने तिथल्या काही राज्यांनी आणि प्रांतांनी खऱ्या मुताच्या बाटल्यांवर बंदी घातली आहे. तुमची बाटली सीलबंदच ठेवा, न्हाणीत किंवा बागेत ओतू नका, आणि सरकारी गुरांच्या दवाखान्यात विचारून विल्हेवाट लावा.

जाकिटाचं म्हणाल तर सक्रिय कोळसा वास धरतो हे खरं, पण त्याची जागा भरली की काम थांबतं. तो पुन्हा मोकळा करायला कित्येक शे अंश तापमान लागतं. घरचा ड्रायर किंवा इस्त्री पुरत नाही. शिवाय श्वास, केस, चेहरा जाकिटाच्या बाहेरच असतात. अमेरिकेत शोधक कुत्र्यांवर झालेल्या चाचणीत अशा कपड्यांतली माणसंही कुत्र्यांना सापडली. आणि आपल्या मार्चमध्ये जाड जाकीट घालून घाम वाढवायचा, हे उलटंच.

फवारा बुटांवर आणि पिशवीवर मारा, थोडा उपयोग होतो. झाडपाला किंवा शेण चोळून आपला वास झाकू पाहणारेही असतात. बांगड्याच्या हुमणात तिरफळं घातली म्हणून बांगडा लपत नाही, दोन्ही वास वेगवेगळे कळतात. आपल्या नाकाला एवढं कळतं, मग हरणाला काय काय कळत असेल!

प्रश्न : कपडे कसे धुवायचे? आणि आदल्या दिवशी जेवणात काय टाळावं? – वाचक, मडगाव

ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा आम्लं तयार होतात, तो वास. खायचा सोडा ही आम्लं मारतो, म्हणून तो उपयोगी. पेट्रोल, लसूण, डांबरगोळ्या यांच्यापुढे तो चालत नाही.

दहा लिटर पाण्यात अर्धी वाटी खायचा सोडा विरघळवा, कपडे अर्धा तास भिजवा, दोनदा साध्या पाण्यातून काढा. यंत्रात धुणार असाल तर आधी एक फेरी रिकामी, गरम पाण्याची, कारण पिंपाला मागच्या पावडरीचा वास असतोच. ‘चमक’ देणाऱ्या पावडरी नकोतच. त्यातली रसायनं कपड्याला निळसर उजाळा देतात, आणि हरणाला तांबडं नीट दिसत नसलं तरी निळं उत्तम दिसतं. कडक उन्हात वाळवा, पण स्वयंपाकघराच्या खिडकीखाली नको. घडी करून झिपच्या पिशवीत. कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवलेत तर सगळी मेहनत गेली. शक्यतो सुती घ्या, पॉलिस्टर घामाचा वास धरून ठेवतं.

घरून हेच कपडे घालून स्कूटरवर निघू नका. जंगलाच्या तोंडाशी बदला. चालताना एक हलका शर्ट, बसायच्या जागेअलीकडे पाचेक मिनिटं थांबून काख, मान आणि पाठ ओल्या फडक्याने पुसायची, कोरडा शर्ट घालायचा, ओला झिपच्या पिशवीत बंद. आमच्या मते सगळ्या साबणांपेक्षा आणि फवाऱ्यांपेक्षा ही पाच मिनिटं जास्त कामाची.

लोक विसरतात त्या दोन वस्तू म्हणजे टोपी आणि पिशवीचे पट्टे. टोपीच्या आतल्या पट्टीत महिन्यांचं खोबरेल मुरलेलं असतं. कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा उन्हात धरून पाहा, घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतील. दोन्ही सोड्याच्या पाण्यात.

जेवणात आदल्या दुपारपासून लसूण टाळा. त्यातलं एक गंधकयुक्त द्रव्य रक्तातून फुप्फुसांत येतं आणि दात कितीही घासले तरी कित्येक तास श्वासातून जात राहतं. फेणीही नको. बाकी नेहमीचं जेवा.

प्रश्न : सत्तरीच्या रानात डास आणि गोचीड फार. वास येतो म्हणून मलम लावणं बंद करू का? – वाचक, वाळपई

नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा जोराचा काळ, म्हणजे नेमका तुमच्या फिरण्याचा. आरोग्य कर्मचारी देतात ते अंगाला लावायचं तेल लावाच. हरीण पळालं तर पळू दे.

वास कमी ठेवायचा तर पँटचे पाय मोज्यांत खोचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पालापाचोळ्यावर बसू नका. ०.५ टक्के पर्मेथ्रिनचा फवारा मिळाला तर तो फक्त कपड्यांवर आणि बुटांवर मारून पूर्ण वाळवा. वाळल्यावर वास जवळजवळ राहत नाही. अंगाला लावायचा नाही. ओला असताना मांजरांना आणि माशांना घातक, म्हणून व्हाळाकाठी फवारू नका. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि गुडघ्यामागे, काखेत, कंबरेला तपासणी. आठवड्याभरात एकाएकी जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

प्रश्न : माझं उलटं आहे. सांबरं कुळागरात शिरून सुपारीची कोवळी रोपं खातात. सलूनमधले केस बांधून ठेवले, चार रात्री काम झालं, मग परत आली. माणसाच्या वासाने ती दूर राहणार नाहीत का? – वाचक, सांगे

केसांचा वास आला पण माणूस आला नाही, हे सांबराला लवकर कळतं. शिवाय केस वाळले की वास उतरतो. उग्र साबणाच्या वड्या टांगतात, त्यांचंही असंच.

अंड्याचं पाणी त्यापेक्षा टिकतं. कुजणाऱ्या अंड्याच्या गंधकाच्या वासाला चरणारी जनावरं बिचकतात. एक भाग अंडं, चार भाग पाणी. पाच लिटरला साधारण वीस अंडी. चांगली घुसळून पातळ फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचं तोंड हमखास तुंबतं. पानं ओली होईपर्यंत, सांबराचं तोंड पोचेल तिथवर फवारा. कोरड्या दिवसांत महिनाभर पुरतं. फसतं ते नव्या पालवीमुळे: फवारल्यानंतर फुटलेल्या पानावर काहीच नसतं आणि सांबर तेवढंच खुडतं. म्हणून पालवीच्या दिवसांत पंधरवड्याने परत. पावसाळ्यात आपल्या पावसापुढे टिकणार नाही, आणि खायच्या फळांवर, भाजीवर मारू नका. गव्यावर याचा भरवसा धरू नये. रोपं थोडी असतील तर प्रत्येकाला उंच जाळीचा पिंजरा हाच पक्का इलाज. तारेचा फास मात्र चुकूनही नको. तो गुन्हा आहे आणि त्यात बिबटेही अडकून मरतात.

प्रश्न : माझ्या काजूच्या भाटात झाडाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावलाय. प्रत्येक भेकर आधी कॅमेराच हुंगतं आणि निघून जातं. – वाचक, केपे

लावताना आणि कार्ड काढताना पातळ रबरी हातमोजे घाला, तेही कॅमेऱ्यापाशी पोचल्यावर; घरून घालून याल तर वाटेतल्या सगळ्या वस्तूंचा वास त्यांना लागतो. डबा सर्जिकल स्पिरिटने पुसून उन्हात तासभर ठेवा. झाडाला बांधायचा विणलेला पट्टा सोड्याच्या पाण्यात भिजवून धुवा, हाताचं तेल तोच सगळ्यात जास्त धरतो. मग दोन आठवडे तिकडे फिरकू नका. दर दोन दिवसांनी कार्ड पाहायला जाणं हेच मुख्य कारण असतं. जायचं तेव्हा भर दुपारी जा, आणि भेकरांच्या पायवाटेवरून न चालता तिला आडवं जाऊन कॅमेऱ्यामागून पोचा.