माशाचे वजन टेपने काढा, विक्रेत्याच्या तक्त्याने नको

प्रश्न : एक एकराच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ आहेत. मासा न तोलता मापावरून वजन कळते का? खाद्य विक्रेत्याने लांबी-वजनाचा तक्ता दिलाय आणि रोज वजनाच्या ५ टक्के खाद्य टाका म्हणतो.

उत्तर : कळते. पण तो तक्ता आधी बाजूला ठेवा. कटला पोटाला रुंद, मृगळ सडपातळ. नुसत्या लांबीचा तक्ता दोघांना एकाच मापात बसवतो. खंगलेला रोहू आणि भरलेला रोहूही त्यात सारखाच.

लांबीसोबत घेर घ्या. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत. घेर पाठीवरच्या पराच्या जरा पुढे, अंग सर्वांत जाड असते तिथे. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले २९, म्हणजे ग्रॅममध्ये वजन. लांबी ३० आणि घेर १९ असेल तर साधारण ३७३ ग्रॅम.

टेप मात्र नीट लावा. ती उभ्या परावरून गेली आणि घेर २१ आला, तर तोच मासा ४५६ ग्रॅमचा होतो. तळ्यात अडीच हजार मासे असतील तर कागदावर दोनशे किलोहून जास्त मासळी फुकटची वाढली, आणि तिच्या नावाचे खाद्य रोज पाण्यात सडणार. मोजणी सकाळी, खाद्य टाकण्याआधी. हात ओले, खाली ओले पोते. पागात (फेकून टाकायच्या जाळ्यात) आलेले मोठे मासे तेवढे निवडून मोजू नका, आले तसे घ्या.

२९ हा आकडा सर्वसाधारण आहे. माझा आग्रह असा, की प्रत्येक जातीचे दहा मासे एकदा काट्यावर तोला आणि घेर × घेर × लांबी याला खऱ्या वजनाने भागा. दहांची सरासरी हा तुमच्या तळ्याचा भाजक. तो वहीत लिहा, पुढे दर महिन्याला टेप पुरते. वही नसलेल्या तळ्याचा हिशेब विक्रेता ठेवतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलेय.

आता ५ टक्के. ते बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिलाला ठीक. ४०० ग्रॅमच्या माशाला २ टक्के पुरे. अडीच हजार मासे म्हणजे १,००० किलो, म्हणजे रोज २० किलो खाद्य. विक्रेत्याच्या हिशेबाने ५० किलो! वरचे ३० किलो मासा खात नाही, ते तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू ओढते आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. मग तोच विक्रेता औषधाची बाटली देतो. घेऊ नका. खाद्य बंद करा, ताजे पाणी सोडा, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) असेल तर चालवा.

आणखी एक, माशांची संख्या सोडलेल्या बिजावरून (पिलांवरून) धरू नका. मर, म्हणजे मेलेले मासे, वजा करा. ढगाळ दिवशी खाद्य निम्मे, कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी. संध्याकाळी उशिरा अजिबात नको, विक्रेता काहीही सांगो.

एरेटरचे विचारणाऱ्यांसाठी : प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पात्र घटकांना सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात. मंजुरीआधी खरेदी करू नका.