अँफोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन ही बुरशीविरोधी औषधं चालू असताना प्लेटलेट उतरल्या, तर कारण औषध असू शकतं का?

हो, क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात ही जोडी चालू असेल तर पहिला संशय फ्लुसायटोसिनवर घ्यायचा. त्याचा काही भाग शरीरात ५-फ्लुरोयुरॅसिल बनतो, म्हणजे कॅन्सरच्या केमोत वापरतात तेच औषध, आणि त्यामुळे अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) नव्या रक्तपेशी बनणं मंदावतं. खरी गोम मूत्रपिंडात आहे. फ्लुसायटोसिन जवळजवळ सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. अँफोटेरिसिन नेमकं मूत्रपिंडालाच त्रास देतं. मग नेहमीचाच डोस (किलोमागे २५ मिग्रॅ, दर ६ तासांनी) रक्तात साचत जातो. पातळी मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेली की धोका वाढतो. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आठवड्यातून दोनदा, एकाच दिवशी करा आणि आकडे शेजारी ठेवून वाचा. क्रिएटिनिन १ वरून २ वर गेलं तरी डोस तसाच, ही चूक फार महागात पडते. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, हा आजार जीवघेणा आहे. डॉक्टर बहुधा डोस कमी करतात किंवा दोन डोसमधलं अंतर वाढवतात. पांढऱ्या पेशी ठीक असून फक्त प्लेटलेट घटल्या असतील, तर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू आहे का तेही विचारा. एचआयव्ही आणि सेप्सिस (संसर्गामुळे शरीरभर होणारा गंभीर बिघाड) यांतही प्लेटलेट उतरतात.