चुरशीच्या बॉक्सिंग लढतीत गुण कसे द्यावेत? एकाच लढतीच्या गुणपत्रिका इतक्या वेगळ्या कशा निघतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: बारा फेऱ्यांची एकच लढत पाहून एक जज ११८-११० आणि दुसरा ११३-११५ असे गुण कसे देऊ शकतो, आणि अशा चुरशीच्या लढतीत न्याय्य गुणदान नेमके कसे व्हावे. मी गेली बरीच वर्षे वही-पेन्सिल घेऊन व्यावसायिक लढती पाहतो आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः लिहून ठेवतो. तरुणपणी हौशी स्पर्धांत चार-सहा लढती खेळलो आणि त्यातल्या बहुतेक गुणांवरच हरलो. त्यामुळे जजविषयीचा थोडा जुना कडवटपणा या उत्तरात उतरला असेल, तर तेवढा वजा करून वाचावे.

आधी शब्दांचा एक खुलासा. रिंगच्या आत उभा असतो तो रेफरी आणि बाहेर बसून गुण देतात ते जज. मराठी वृत्तपत्रे दोघांनाही ‘पंच’ म्हणतात, पण बॉक्सिंगच्या लेखनात ‘पंचांनी पंच मोजले’ अशी वाक्ये होऊन बसतात, म्हणून मी इथे जज आणि ठोसा हेच शब्द वापरतो.

तुम्ही दिलेले आकडे १६ सप्टेंबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये झालेल्या सॉल ‘कॅनेलो’ अल्वारेझ आणि गेनाडी गोलोवकिन यांच्या पहिल्या लढतीचे आहेत. ॲडलेड बर्ड यांनी कॅनेलोला ११८-११० असे विजयी ठरवले, डेव्ह मोरेटी यांनी गोलोवकिनला ११५-११३ असे, आणि डॉन ट्रेला यांनी ११४-११४ अशी बरोबरी दिली. लढत अनिर्णित राहिली आणि सगळा राग बर्डबाईंच्या पत्रिकेवर निघाला. तो राग समजण्यासारखा आहे, कारण ११८-११० याचा अर्थ बारापैकी दहा फेऱ्या कॅनेलोच्या, आणि मला तरी तसे काही दिसले नव्हते. पण जरा हिशेब करून पाहा. बर्ड यांनी ११८-११० ऐवजी ११५-११३ असे गुण कॅनेलोला दिले असते, तर निकाल काय लागला असता? अगदी तोच: एक पत्रिका कॅनेलोची, एक गोलोवकिनची, एक बरोबरीची. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तिन्ही पत्रिकांची बेरीज होत नाही. प्रत्येक पत्रिका म्हणजे एक मत, फरक आठ गुणांचा असो वा एका गुणाचा. निकाल फिरवणारी जागा दुसरीकडेच होती. ट्रेला यांनी सातवी फेरी कॅनेलोला दिली होती, आणि बाकीच्या दोघांनी ती गोलोवकिनला दिली होती. ती एक फेरी उलटी गेली असती, तर ट्रेला यांची पत्रिका ११५-११३ अशी गोलोवकिनच्या बाजूने झाली असती आणि तो जिंकला असता. ११८-११० वर आठवडाभर आरडाओरडा झाला. त्या मानाने सातव्या फेरीविषयी फारच थोडे लोक बोलले.

माझे सगळे म्हणणे यातच आहे: चुरशीच्या लढतीचा प्रश्न अंतिम आकड्यात शोधू नये, एकेका फेरीत शोधावा.

पद्धत थोडक्यात सांगतो. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, आणि गुणांच्या दृष्टीने प्रत्येक फेरी ही एक स्वतंत्र लढत. फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुधा ९. कोणी खाली पडला तर बहुधा १०-८. आणि नियमभंगाबद्दल रेफरीने कापलेला गुण वेगळा. यातला ‘बहुधा ९’ हाच सगळ्या घोळाचे मूळ आहे. एखाद्याने फेरी एका बऱ्या ठोशाच्या फरकाने जिंकली तरी १०-९, आणि तीन मिनिटे समोरच्याला दोरांवर रेटून धरले पण तो पडला नाही तरी बहुतेक जज १०-९ च देतात. म्हणजे एकाने सात फेऱ्या केसभर फरकाने जिंकल्या आणि दुसऱ्याने पाच फेऱ्या ठणठणीत जिंकल्या, तर पहिला ११५-११३ असा विजयी होतो. प्रेक्षकाच्या मनात मात्र त्या पाच फेऱ्याच घर करून राहतात, आणि ‘लुटले’ हा शब्द तिथून निघतो.

आता समजा, बारापैकी सात फेऱ्या स्पष्ट आहेत, चार एकाच्या आणि तीन दुसऱ्याच्या, आणि उरलेल्या पाच कोणाच्याही बाजूला झुकू शकतात. तीन प्रामाणिक जज बसवले, तरी एकाची पत्रिका पहिल्याच्या बाजूने ११७-१११ आणि दुसऱ्याची दुसऱ्याच्या बाजूने ११६-११२ अशी निघू शकते, आणि दोघांपैकी कोणीही एकही स्पष्ट फेरी चुकवलेली नसते. खरोखर समसमान फेरीत तिघांचे एकमत होण्याची शक्यता चारात एक एवढीच असते. त्यामुळे पत्रिकांतली तफावत हा अप्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. अप्रामाणिकपणा, किंवा निदान दुर्लक्ष, शोधायचे असेल तर स्पष्ट फेरी कोणी उलटी दिली ते पाहावे.

मग न्याय्य गुणदान कसे व्हावे? निकष चार सांगितले जातात: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव, आणि रिंगवरचा ताबा. हे चार शेजारी-शेजारी मांडले की ते समान वजनाचे आहेत असा भास होतो, आणि तिथेच जज घसरतात. माझ्या मते ठोसे हाच निकष. बाकीचे तीन फक्त ठोशांनी निकाल लागत नसेल तेव्हा विचारात घ्यावेत. पुढे चालत जाणे म्हणजे आक्रमण नव्हे. समोरचा मागे सरकत सरकत डावा सरळ ठोसा नाकावर बसवत असेल आणि हा डोके खाली घालून तो खात पुढे येत असेल, तर फेरी मागे सरकणाऱ्याची आहे. ‘रिंगवरचा ताबा’ हा तर मला नेहमीच संशयास्पद निकष वाटत आला आहे. ज्याची शैली जजला आवडते, त्याचाच ताबा जजला दिसतो.

बसण्याची जागाही लक्षात घ्यावी. तीन जज रिंगच्या तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात, त्यांची नजर साधारण दोरांच्या पातळीवर असते, आणि कित्येकदा ऐन ठोशाच्या क्षणी रेफरीची किंवा एखाद्या मुष्टियोद्ध्याची पाठ आड येते. आपण घरी जो ठोसा तीन कोनांतून आणि सावकाश गतीने पाहतो, तो एखाद्या जजला दिसलेलाच नसतो. उलट आपल्याला समालोचक सतत काहीतरी सुचवत असतात. म्हणून मी महत्त्वाची लढत दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहतो, आणि प्रत्येक वेळी निदान एका फेरीचे माझे मत बदलते. नेवाडासारख्या ठिकाणी (लास व्हेगास ज्या अमेरिकी राज्यात आहे ते) प्रत्येक फेरीनंतर जजकडून त्या फेरीची चिठ्ठी गोळा केली जाते, त्यामुळे मागच्या फेरीची भरपाई पुढच्या फेरीत करण्याचा मोह निदान कागदावर तरी आवरला जातो. घरी गुण देतानाही घंटा वाजताच आकडा लिहावा. पुढची फेरी सुरू झाल्यावर लिहिलेला आकडा आठवणीचा असतो.

‘ठोसे मोजा आणि मोकळे व्हा’ असा उपाय तुम्ही सुचवला आहे. त्या २०१७ च्या लढतीत कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीनुसार गोलोवकिनचे ७०३ पैकी २१८ आणि कॅनेलोचे ५०५ पैकी १६९ ठोसे लागले. पण ही मोजणीही माणसेच बटणे दाबून करतात, आणि हातमोज्याचा निसटता स्पर्श व जबडा हलवणारा ठोसा त्यात एकाच रांगेत बसतात. शिवाय हा प्रयोग होऊन गेला आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स ज्युनियर याने ८६ ठोसे लगावले, यजमान देशाच्या पार्क सी-हुन याने ३२, आणि तरी सुवर्णपदक ३-२ असे पार्कला गेले. त्या नाचक्कीनंतर हौशी बॉक्सिंगमध्ये बटणांची पद्धत आली: ठोसा लागला असे पाचपैकी तीन जजांनी जवळजवळ एकाच क्षणी मान्य केले तरच गुण. परिणाम असा झाला की, बरगड्यांवरचे ठोसे गुणांत फारसे दिसेनासे झाले आणि खेळाडू तलवारबाजीसारखे टोचून पळायला शिकले. २०१३ मध्ये ती पद्धत सोडून हौशी बॉक्सिंगही दहा गुणांच्या पद्धतीकडे आले. मोजता येते तेच मोजले, की खेळाडूही तेवढेच खेळतात.

अर्धे किंवा पाव गुण द्यावेत, हा दुसरा लाडका उपाय. ब्रिटनमध्ये पाव गुणांची पद्धत होती. १६ मार्च १९७१ रोजी वेम्ब्लीला हेन्री कूपर आणि ज्यो बग्नर पंधरा फेऱ्या लढले. गुण देणारा एकच माणूस, रेफरी हॅरी गिब्ज, आणि त्याने पाव गुणाने बग्नरला जिंकवले. कूपरने त्यानंतर हातमोजे उतरवले ते कायमचे. अपूर्णांक आणले म्हणून निर्णय अचूक होत नाही, फक्त अचूक दिसतो. त्यापेक्षा आहे ती मोजपट्टी पूर्ण वापरावी: एकतर्फी फेरीला, कोणी पडले नसले तरी, १०-८ देण्याचे धैर्य जजांनी दाखवावे, आणि ज्या फेरीत खरोखर काहीच घडले नाही तिला १०-१० द्यायला लाजू नये. जजांना ‘कोणीतरी विजेता शोधाच’ असे शिकवले जाते. त्यातून समसमान फेऱ्या नाणेफेकीने वाटल्यासारख्या वाटल्या जातात, आणि पुढे त्याच नाण्यांवर विजेतेपदाचा पट्टा ठरतो.

एकेक गुण किती जड असतो, याचे माझे आवडते उदाहरण १८ मे २०२४ चे आहे. रियाधला ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला ११५-११२, ११४-११३ आणि उलट ११३-११४ अशा विभागलेल्या निर्णयाने हरवले. नवव्या फेरीत फ्युरी कोलमडला, रेफरीने आकडे मोजले आणि ती फेरी १०-८ झाली. तो जादाचा एक गुण तिन्ही पत्रिकांतून काढून टाका, आणि उरते ११५-११३, ११४-११४, ११३-११५: म्हणजे बरोबरी. तिथे मला अन्याय दिसत नाही. माणूस दोरांवर लोळत होता, त्याची किंमत एका गुणाची तरी असावीच. आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीला विजेंदर सिंगने झुल्पिकार मैमैतिअलीला दहा फेऱ्यांत ९६-९३, ९५-९४, ९५-९४ असे हरवले. बातम्यांत ‘एकमताने विजय’ असे छापून आले आणि वाचणाऱ्याला वाटले, सहज जिंकला असेल. दहा फेऱ्यांत दोघांच्या गुणांची मिळून बेरीज १९० व्हायला हवी, ती तिन्हीकडे १८९ येते. म्हणजे फेऱ्यांच्या जय-पराजयाखेरीज कापला गेलेला एक गुणही या हिशेबात आहे, आणि दोन पत्रिकांवरचा फरक नेमका तेवढाच आहे. एकमत म्हणजे मोठा फरक नव्हे.

तिन्ही पत्रिकांची बेरीज करून निकाल लावावा, असेही काही जण म्हणतात. कॅनेलो-गोलोवकिन लढतीत ती केली तर कॅनेलो ३४५ आणि गोलोवकिन ३३९, म्हणजे ज्या पत्रिकेवर सर्वांचा आक्षेप होता, तीच एकटी निकाल लावते. एक पत्रिका एक मत ही पद्धत बिघडलेल्या जजचे नुकसान एका मतापुरते रोखते, म्हणून ती मला शहाणपणाची वाटते. तीनऐवजी पाच जज बसवले तर हे संरक्षण आणखी वाढेल. खर्च वाढेल हे खरे, पण ज्या लढतीत कोट्यवधी डॉलर फिरतात, तिथे दोन जजांच्या मानधनाचे रडगाणे कोणी गाऊ नये.

चौथ्या आणि आठव्या फेरीनंतर गुण जाहीर करण्याची डब्ल्यूबीसी या जागतिक विजेतेपदे देणाऱ्या संघटनेची पद्धत मला पटत नाही. आठव्या फेरीनंतर आपण चार गुणांनी पुढे आहोत हे कळलेला मुष्टियोद्धा उरलेल्या फेऱ्या पायांवर काढील, आणि मागे असलेल्याचे हजारो पाठीराखे जजांच्या मानगुटीवर बसतील. चित्रफितीवरून फेरतपासणी मात्र व्हावी, आणि तिला दात असावेत. जून २०१२ मध्ये टिमोथी ब्रॅडलीने मॅनी पॅकियाओवर विभागलेल्या निर्णयाने विजय मिळवला, तेव्हा डब्ल्यूबीओ या तशाच दुसऱ्या संघटनेने पाच जजांना चित्रफीत दाखवली. पाचही जणांनी पॅकियाओला विजयी ठरवले, आणि निकाल होता तसाच राहिला. निकाल फिरवू नये हे मी मान्य करतो, पण बाकी दोघांपेक्षा वेगळी दिलेली प्रत्येक फेरी जजने दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहून लेखी समजावून सांगावी, एवढे बंधन लढतींचे नियमन करणाऱ्या आयोगांना सहज घालता येईल. त्या नियमाखाली ११८-११० इतकेच त्या सातव्या फेरीचेही उत्तर द्यावे लागले असते.

तुम्ही शेवटी विचारले आहे की, ती लढत मी कोणाला दिली. त्या रात्री ११५-११३ अशी गोलोवकिनला दिली होती. काही महिन्यांनी आवाज बंद करून पाहिली, तेव्हा तिसरी फेरी माझ्या हातून कॅनेलोकडे गेली आणि बेरीज ११४-११४ झाली. सातवी दोन्ही वेळा गोलोवकिनचीच होती. वहीत दोन्ही पाने आहेत. जुने मी खोडलेले नाही.