दिलेला शब्द आणि न बदलणारा देव

"एकदा बोललो ते बोललो. आता शब्द फिरवला तर माझी काय किंमत राहिली?"

हा प्रश्न मला बऱ्याच वडिलांनी विचारला आहे. कुणाचा मुलगा भांडून घराबाहेर पडलेला असतो, कुणाच्या मुलीने आपल्या मनाने लग्न केलेलं असतं. नगरच्या एका काकांनी मात्र आपल्या शब्दाला देवच साक्षीला आणला. म्हणून त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

काका ख्रिस्ती, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बीपी गोळ्यांनी आटोक्यात येईना, रात्री डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. पहिल्या दोन भेटी झोपेच्या तक्रारीतच गेल्या. तिसऱ्या वेळी काकू सोबत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "ताई, हे घरात लेकीचं नाव घेऊ देत नाहीत."

लेक नर्स आहे. सोबत काम करणाऱ्या हिंदू मुलाशी तिने कल्याणला नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नाताळच्या आदल्या आठवड्यात बातमी घरी आली आणि काका सगळ्या भाऊबंदांसमोर बोलून गेले, "आजपासून ती मला मेली." त्याला तीन वर्षं झाली होती. नातू आठ महिन्यांचा झाला होता. काकू गच्चीवर जाऊन चोरून व्हिडिओ कॉल करायच्या. काकांना ते ठाऊक होतं. त्या वर गेल्या की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मी स्वतः ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी आहे, पण समोरच्याला वचनं ऐकवायला बसत नाही. उपदेश सुरू झाला की माणूस मान डोलावतो आणि आतून कडी लावून घेतो. इथे बायबल काकांनीच उघडलं. गणना 23:19. देव काही मनुष्य नाही की त्याने लबाडी करावी, मन बदलावं, असा त्याचा आशय. "देव बदलत नाही," काका म्हणाले, "मग मी का बदलू?"

"काका, सुरुवातीचे शब्द पुन्हा वाचता?"

त्यांनी वाचले. देव मनुष्य नाही.

"आणि तुम्ही?"

ते बराच वेळ पुस्तकावर बोट ठेवून बसले.

ते वचन कोणत्या प्रसंगातलं आहे हे आपण विसरतो. बालाक राजाला इस्राएलाला शाप द्यायचा होता, त्यासाठी त्याने बलाम नावाच्या द्रष्ट्याला बोलावलं. बलामाने सांगितलं की देवाने आशीर्वाद दिला आहे, तो माझ्याने फिरवता येणार नाही. म्हणजे तिथे न फिरणारा शब्द आशीर्वादाचा आहे. शिक्षेच्या शब्दाचं काय होतं ते योना संदेष्ट्याच्या पुस्तकात दिसतं. 40 दिवसांत निनवे शहर उलथून पडेल अशी घोषणा झाली, लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने ते अरिष्ट आणलं नाही. योना संतापला. त्याची तक्रार मोठी बोलकी आहे: तू दयाळू आहेस हे मला आधीच माहीत होतं! निनवे वाचली, कारण देव पहिल्यापासून जसा होता तसाच राहिला.

मग मी इफ्ताहाचा विषय काढला. शास्ते, अध्याय 11. लढाई जिंकून परतल्यावर घरातून जे सामोरं येईल ते अर्पण करीन, हा देवाला केलेला नवस त्याने शब्दशः पाळला आणि एकुलती एक लेक गमावली.

"तो अध्याय मी नेहमी भराभर वाचून संपवतो," काका म्हणाले.

त्यांचा दुसरा घोर होता चर्चच्या मंडळीतल्या लोकांचा. तो मी हसण्यावारी नेला नाही. लहान समाजात बोलणी खरोखर खावी लागतात. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं घर नगरकरांना नवं नाही. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. दोघं काही वर्षं वेगळी राहिली, पुन्हा एकत्र आली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर. हे काकांना त्यांच्या आजीनेच सांगितलेलं होतं.

पुढच्या भेटीसाठी मी एकच काम दिलं. या तीन वर्षांत लेकीच्या बाबतीत तुमचं काय बदललं नाही, ते कागदावर लिहून आणा. काकांनी आणलेल्या कागदावर तिची जन्मतारीख होती, रक्तगट होता, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं. आणि सगळ्यात खाली: "विम्याचा हप्ता." ती सहावीत असताना तिच्या नावाने पॉलिसी काढली होती. ती 'मेल्यावर'ही दर तिमाहीला ते रांगेत उभे राहून हप्ता भरत होते. काकूंनासुद्धा माहीत नव्हतं.

"हे का थांबवलं नाहीत?"

"ते कसं थांबवणार, ताई? बाप आहे ना मी."

त्या दिवशी आम्ही मलाखी 3:6 वाचलं. मी बदलत नाही, म्हणून तुमचा नाश झाला नाही, असं देव तिथे सांगतो. माझा जीव त्या 'म्हणून'वर आहे. देवाचं न बदलणं इथे हट्ट होऊन येत नाही, चुकलेल्या लेकरांना जगवणारी गोष्ट होऊन येतं. काकांनी ते आपल्या भाषेत काकूंना सांगितलं: माळशेज घाटात दरड आली की ते गाडी आळेफाट्यावरून पुण्याकडे वळवायचे, प्रवासी कुरकुरायचे, पण पाटी कल्याणचीच असायची.

मी त्यांना हे लग्न मान्य करा असं कधीच म्हटलं नाही. लेकीचं लग्न चर्चमध्ये झालं नाही याचं दुःख त्यांना आजही आहे, तिच्यासाठी ते रोज प्रार्थना करतात आणि करत राहतील. हेही सांगायला हवं, की ज्या घरात मारहाण किंवा जिवाला धोका असतो तिथे तोडलेलं नातं पुन्हा जोडा असा आग्रह मी धरत नाही. इथे तसं काही नव्हतं. इथे फक्त रागात बोललेलं एक वाक्य होतं, आणि त्यालाच काका आपला विश्वास समजून बसले होते.

पॉलिसीची मुदत पावसाळ्यात संपली. पैसे मिळायला लेकीची सही लागणार होती. फॉर्म पोस्टाने पाठवता आला असता. काका तो पिशवीत घालून सकाळच्या गाडीने कल्याणला गेले. सही घेऊन त्याच दिवशी परत येतो, असं काकूंना सांगून निघाले होते.

चार दिवसांनी आले. मला फोन केला तेव्हा मागे काकूंचं हसणं ऐकू येत होतं.

"सही घ्यायची राहूनच गेली, ताई. परत जावं लागणार."